ओरेगनच्या अंगणातली चूल

सेलम ही अमेरिकेतल्या ओरेगन राज्याची राजधानी. पोर्टलंडच्या विमानतळावर उतरायचे आणि विलॅमिट नदीच्या खोऱ्यातून दक्षिणेकडे तासाभराचा प्रवास करायचा. २०२४ च्या जूनमध्ये मी लेकीच्या घरी पोहोचले, तेव्हा घड्याळात रात्रीचे साडेआठ वाजले होते आणि बाहेर चांगले ऊन होते. जळगावहून निघून दोन दिवस होत आले होते. नातीने बॅगा उतरवण्याचीही वाट पाहिली नाही. हाताला धरून मला थेट मागच्या अंगणात घेऊन गेली.

तेथे चार पायांवर एक काळे यंत्र उभे होते. मोठे लोखंडी पिंप आडवे ठेवावे तसे. एका बाजूला झाकणाची पेटी आणि पेटीच्या पुढे आकडे दाखवणारा छोटा पडदा.

"आई, ही आमची नवी चूल," लेक म्हणाली. "लाकडाच्या गोळ्यांवर चालते. अन्नाला अगदी खरा धुराचा वास येतो. तू येणार म्हणून घाई करून घेतली."

किंमत विचारली. नऊशे डॉलर. म्हणजे त्या वेळच्या हिशेबाने पाऊण लाख रुपये. आणि कशासाठी, तर धुरासाठी! मी काही बोलले नाही. प्रवासाचा शीण झाला आहे असे सांगितले आणि आत जाऊन निजले.

शीण होताच, पण तेवढेच नव्हते. माझे बालपण जळगाव जिल्ह्यातल्या एका खेड्यात गेले. आमच्या स्वयंपाकघराला एकच झरोका होता. जळण म्हणजे कपाशीच्या आणि तुरीच्या काड्या आणि गोवऱ्या. पावसाळ्यात जळण ओलसर असले की घरभर धूर कोंडायचा. माय फुंकणीने फुंकत राहायची, पदराने डोळे पुसायची आणि खोकायची. तिचा खोकला आम्हा भावंडांना इतका सवयीचा होता की तो आजार आहे असे कुणाच्या मनातही आले नाही. पुढे मी शिक्षिका झाले, शाळेत विज्ञान शिकवू लागले. तीन वर्षे नंबर लावून १९८३ मध्ये गॅस मिळाला आणि मी मायला जळगावला माझ्याकडे आणले. घरातून धूर गेला याचा मला केवढा अभिमान होता! पण उशीर झाला होता. मायची छाती निकामी होत गेली ती गेलीच.

आता त्याच मायची नात पाऊण लाख रुपये मोजून धूर विकत आणते, हे मला कसे आवडावे?

भुशाची गोळी

दुसऱ्या दिवशी जावयांनी ते इंधन दाखवले. विटकरी रंगाच्या, गुळगुळीत, पेन्सिलीच्या जाडीच्या लहान लहान कांड्या. व्यास जेमतेम ६ मिलिमीटर. याला म्हणतात 'पेलेट'. लाकूड कापताना पडणारा भुसा वाळवायचा, बारीक दळायचा आणि प्रचंड दाबाखाली चाळणीसारख्या पोलादी साच्यातून ढकलायचा. दाबाने तो तापतो. लाकडातच लिग्निन नावाचा पदार्थ असतो. तो उष्णतेने मऊ होतो आणि भुशाचे कण एकमेकांना चिकटवतो. वेगळा गोंद लागत नाही. गार झाली की कांडी कडक आणि चकचकीत होते. वर्गात मुलांना सांगावा असा हा प्रयोग. मी दोन कांड्या उचलून रुमालात बांधून ठेवल्या.

ओरेगनमध्ये भुशाला तोटा नाही. इमारती लाकूड कापण्यात हे राज्य अमेरिकेत अगदी वरच्या नंबरावर आहे. डग्लस फर हा इथला राज्यवृक्ष. डोंगरच्या डोंगर त्याने झाकलेले आहेत. शेजारी एक आजोबा राहतात. त्यांची सारी नोकरी लाकडाच्या गिरणीत गेली. मी कुंपणाजवळ उभी दिसले की ते हातातले काम टाकून गप्पा मारायला येत. त्यांनी सांगितले की त्यांच्या तरुणपणी गिरणीतला भुसा म्हणजे डोकेदुखी होती. प्रत्येक गिरणीजवळ शंकूच्या आकाराची, दोन-तीन मजली उंच लोखंडी भट्टी असे आणि त्यात तो भुसा रात्रंदिवस जळत राही. खोऱ्यातल्या गावांवर धुराची चादर पडे. १९७० नंतर हवेच्या शुद्धतेचे नियम कडक झाले आणि या भट्ट्या बंद पडत गेल्या. त्याच सुमारास, १९७३ मध्ये, तेलाचे भाव भडकले. घरे उबदार ठेवायला स्वस्त इंधन हवे होते आणि भुशाचे डोंगर पडून होते. त्यातून या गोळ्यांना दिवस आले.

"म्हणजे आम्ही जो धूर फुकट सोडत होतो," आजोबा हसून म्हणाले, "तोच आता पिशवीत भरून विकतात."

माउंट एंजलची वारी

या गोळ्यांवर घर तापवण्याऐवजी स्वयंपाक करावा ही कल्पनाही याच खोऱ्यातली. एका रविवारी जावयांनी ते गाव दाखवायला नेले. सेलमपासून ईशान्येला तीसेक किलोमीटरवर माउंट एंजल नावाचे टुमदार गाव आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना हेझलनटच्या बागा, ओळीत लावलेली नाताळची झाडे आणि बियाण्यासाठी वाढवलेले गवत. आपल्याकडे गवत उपटून फेकतात. इथे त्याचे बी विकून शेतकरी गबर होतात. अमेरिकेत पिकणारे जवळजवळ सगळे हेझलनट एकट्या ओरेगनमधून येतात हेही त्या दिवशी कळले.

गावात जर्मन वळणाची घरे आहेत, बाहुल्यांचे मोठे घड्याळ आहे. ठरावीक वेळी त्याच्या खिडक्या उघडतात आणि लाकडी बाहुल्या गाणी वाजवत गावाचा इतिहास सांगतात. नातीने ते लागोपाठ दोनदा पाहायचा हट्ट धरला, पण दुसऱ्या खेळाला फार वेळ होता. मग आम्ही गावालगतच्या टेकडीवर गेलो. तेथे बेनेडिक्टाइन साधूंचा मठ आहे. स्वित्झर्लंडमधल्या एंगेलबर्ग मठातून आलेल्या साधूंनी तो १८८२ मध्ये स्थापला. एंगेलबर्ग म्हणजे देवदूताचा डोंगर; त्याचेच इंग्रजी रूप माउंट एंजल. मठाचे ग्रंथालय अल्वार आल्तो या फिनलंडच्या थोर वास्तुशिल्पकाराने आखले आणि ते १९७० मध्ये उघडले. बाहेरून अगदी साधे, बुटके. आत गेल्यावर पंख्यासारखी उलगडत जाणारी कपाटे आणि छतातून झिरपणारा मऊ उजेड. तेथे मला दोन तास बसू द्या, असे मी म्हणाले. पण जावयांचे लक्ष खाली गावाकडे होते.

कारण याच गावात जो ट्रेगर नावाचे गृहस्थ घर तापवण्याच्या उपकरणांचा धंदा करीत. गोष्ट अशी सांगतात की १९८५ च्या सुमारास एका ४ जुलैला, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनी, ते घरी गॅसच्या जाळीवर कोंबडी भाजत होते. क्षणभर आत गेले आणि बाहेर येऊन पाहतात तो चरबीने पेट घेतलेला, सारे जळून चाललेले. गोळ्यांची भट्टी त्यांच्या हातची होती. मग त्याच तत्त्वावर, आपोआप आच सांभाळणारी चूल का करू नये? १९८६ मध्ये त्यांना पेटंट मिळाले. वीस वर्षे ही चूल जवळजवळ त्यांच्या एकट्याची होती. २००६ मध्ये पेटंटची मुदत संपली आणि मग इतर कंपन्याही यात उतरल्या. ट्रेगर हे नाव आजही मोठे आहे, पण कंपनीचे मुख्यालय आता युटा राज्यात आहे.

टेकडीवरून दूरवर बर्फाचा शंकू दिसत होता, माउंट हूड. खाली हिरवे-पिवळे चौकोन. या खोऱ्यात मूळ राहणारे कालापूया लोक दर वर्षी उन्हाळा सरताना मुद्दाम गवताला आग लावत. त्यामुळे रान मोकळे राही, कंदमुळे चांगली येत आणि शिकार सोपी होई. म्हणजे आग आणि धूर हे या खोऱ्याचे फार जुने सोबती आहेत. आपण कुठल्या तरी परक्या खुळाकडे पाहत आहोत, ही माझी समजूत त्या टेकडीवर थोडी ढिली झाली.

फुंकणीचे काम पंख्याकडे

लेक आणि जावई दोघेही नोकरीला जातात. पंधरा दिवसांत माझ्या लक्षात आले की चुलीचे मालक ते असले तरी चालक मीच होणार. मग मीही ठरवले, राग धरायचाच तर यंत्र समजून घेऊन धरू.

त्याची रचना अशी. पेटीत गोळ्या भरायच्या. पाभरीच्या चाड्यातून दाणे पडावेत तशा त्या खाली उतरतात. तेथे गिरमिटासारखा लांब पेचदार दांडा फिरत असतो. तो एक-एक मूठ गोळ्या पुढे ढकलतो आणि तांब्याएवढ्या लोखंडी भांड्यात टाकतो. तेथे विजेने लाल होणारी एक कांडी असते. तिने चार-पाच मिनिटांत गोळ्या पेटतात आणि मग ती कांडी विझते. फुंकणीचे काम पंखा करतो. जाळावर पोलादी पत्रा असतो, म्हणून जाळ अन्नाला लागत नाही. तापलेली हवा आणि धूर पिंपभर फिरतात. आतले तपमान मोजून यंत्र स्वतःच ठरवते की दांडा किती फिरवायचा. मंद आचेवर तासाला अर्धा किलोच्या आसपास गोळ्या जळतात, मोठ्या आचेवर त्याच्या दुपटीहून जास्त. ९ किलोची पिशवी आम्हाला साधारण वीस डॉलरला पडे.

ही चूल नव्हे, बंब आणि भट्टी यांची पणती आहे, असे मी लेकीला म्हटले.

पहिल्या आठवड्यात फजितीही झाली. खोक्यातून आलेले एक चाक दुसऱ्याच मापाचे निघाले. कंपनीला कळवले तर त्यांनी बदली म्हणून पुन्हा तेच चाक पाठवले. शेवटी शेजारच्या आजोबांनी लाकडाचा तुकडा तासून पायाखाली ठोकला. तो आजही तेथे आहे.

जावई मांसाहारी, मी शाकाहारी. तेव्हा वरची जाळी माझी आणि खालची त्यांची, अशी वाटणी झाली. ते खालच्या जाळीवर सॅमन मासा आल्डर लाकडाच्या धुरावर ठेवत. ही या भागातली फार जुनी रीत. इथले आदिवासी पिढ्यान् पिढ्या असा मासा धुरावर टिकवत आले आहेत. एकदा त्यांनी मांसाचा मोठा तुकडा पहाटे पाचला १०७ अंशांवर ठेवला. दुपारपर्यंत त्याचे आतले तपमान ७० अंशांच्या जवळ आले आणि तेथेच अडून बसले. एक तास झाला, दोन झाले, आकडा हलेना. पाहुणे सहाला येणार होते. जावयांचा चेहरा उतरला.

"आई, यंत्र बिघडलं बहुतेक."

मी विचारले, "पृष्ठभाग ओला दिसतो का?"

"हो, पाणी सुटतंय."

"मग बिघडलेलं नाही. आपला माठ गार का राहतो? पाणी झिरपतं, वाफ होऊन जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. तुमच्या या तुकड्याचा माठ झालाय. वरचं पाणी आटलं की आकडा आपोआप पुढे सरकेल. घाई असेल तर कागदात गुंडाळा, वाफ अडेल."

त्यांनी गुंडाळले आणि आकडा पुढे सरकला. मी त्या तुकड्याला हातही लावला नाही, पण त्या दिवसापासून जावयांनी मला यंत्राची वस्ताद मानले.

पहिले भरीत

जुलै संपता संपता शनिवारच्या बाजारात वांगी आली. आमच्या बामणोदची हिरवी, लांबट वांगी ती नव्हेत. ही काळी-जांभळी, गुबगुबीत. तरी वांगे ते वांगे. लेकीचे डोळे लकाकले. "आई, भरीत!"

खानदेशात भरीत म्हणजे नुसती भाजी नव्हे, तो हिवाळ्यातला सोहळा. शेतात कपाशीच्या काड्यांचा जाळ करायचा, तेल लावून टोचे मारलेली वांगी त्यात भाजायची, साल काढून लाकडी भांड्यात भाजलेल्या मिरच्या आणि लसणाबरोबर ठेचायची. वरून शेंगदाणे, खोबरे आणि कांद्याच्या पातीची फोडणी. सोबत पुरी नाहीतर कळण्याची भाकरी.

मी यंत्र २३० अंशांवर लावले आणि वांगी वरच्या जाळीवर ठेवली. पाऊण तासात ती मऊ लोण्यासारखी झाली. साल निघाली, भरीत झाले, ताटे वाढली. दिसायला सुरेख. पण लेकीने पहिला घास घेतला आणि तिच्या तोंडावरून मला कळले. धुराचा मागमूस नव्हता. गॅसच्या भट्टीत भाजले असते तरी हीच चव आली असती.

"बरं झालंय," ती म्हणाली.

हे शब्द मी पूर्वी एकदा ऐकले होते.

१९९१ च्या हिवाळ्यात माय फार थकली होती. एक दिवस म्हणाली, "काड्यांवरचं भरीत खावंसं वाटतं." आमच्या घरामागे मोकळी जागा होती. काड्या भावाने शेतातून आणून दिल्या असत्या. पण डॉक्टरांनी धुराजवळ जाऊ देऊ नका असे बजावले होते आणि मी तर विज्ञानाची शिक्षिका. "माय, आता धूर नाही म्हणजे नाही," असे मी ठामपणे सांगितले आणि गॅसच्या शेगडीवर वांगे भाजून भरीत केले. तिने दोन घास खाल्ले. "बरं झालंय," म्हणाली आणि ताटावर ताट झाकले. पुढच्या मार्चमध्ये ती गेली.

डॉक्टरांचे चुकले नव्हते. माझेही पूर्ण चुकले असे मी म्हणणार नाही. पण मी तिला खोलीत बसवून, दार लावून, बाहेर अंगणात काड्या पेटवू शकले असते, हे इतक्या वर्षांत मला सुचले नव्हते. सुचले ते सात समुद्रापलीकडे, एका यंत्रापुढे.

आकाश नारंगी झाले तेव्हा

ऑगस्टमध्ये काही दिवस क्षितिज धुरकट झाले. त्या वर्षी ओरेगनमध्ये, विशेषतः पूर्वेकडच्या भागात, १९ लाख एकरांच्या आसपास रान जळाले; राज्याच्या नोंदीतला तो उच्चांक. सेलमपर्यंत आच आली नाही, पण हवेला वास होता. त्या दिवसांत आजोबांनी आपल्या अंगणातले काहीच पेटवले नाही. आम्हीही चूल झाकून ठेवली.

कुंपणापाशी ते २०२० ची गोष्ट सांगत होते. सप्टेंबरमध्ये पूर्वेकडून सोसाट्याचे कोरडे वारे सुटले आणि सँटिअम नदीच्या दरीत वणवा पसरला. डेट्रॉइट, गेट्स अशी डोंगरातली गावे जळाली. सेलममध्ये सकाळ झालीच नाही. आकाश आधी नारंगी, मग रक्तासारखे लाल. दिवसा दिवे लावावे लागले. अंगणात राख पडत होती. कितीतरी दिवस लोक दारे-खिडक्या बंद करून बसले.

"तेव्हापासून माझ्या पत्नीला साधा शेकोटीचा वासही सहन होत नाही," ते म्हणाले. "मी मात्र अजून भाजतो. वारा तिच्या खिडकीकडे नसला तरच."

म्हाताऱ्याने सहज सांगितले, पण मला ते लागले. त्याने धूर सोडला नव्हता आणि बायकोलाही धुरात ठेवले नव्हते. वाऱ्याची दिशा पाहायची, एवढेच.

दुसरे भरीत

त्या रात्री मी मायच्या चुलीचा विचार करीत पडले होते. कधी धूर होई आणि कधी नाही? जाळ धडधडून लागला की धूर नसे. आच मंद असली, लाकूड धुमसत असले की डोळे चुरचुरत. म्हणजे मोठ्या आचेवर लाकूड पुरते जळते आणि धूर उरत नाही. लाकडातले लिग्निन मंद आचेवर तुटते तेव्हा त्यातून गायाकॉल, सिरिंगॉल अशी सुवासिक द्रव्ये सुटतात. धुराची चव म्हणतात ती हीच. मी पहिल्या खेपेला २३० अंशांवर वांगी ठेवली होती. धूर येणार कुठून?

दुसऱ्या शनिवारी हवा स्वच्छ होती. ओक आणि चेरीच्या गोळ्या भरल्या. यंत्र आधी सर्वांत खाली, ८२ अंशांवर लावले. वांग्यांना तेल लावले, टोचे मारले आणि दोन-दोन ठिकाणी उभी चीर दिली, धूर आत शिरावा म्हणून. पाऊण तास निळसर, विरळ धूर झाकणाच्या फटीतून येत राहिला. मग आच २३० वर नेली आणि वांगी मऊ होईपर्यंत ठेवली. मी वाऱ्याच्या उलट बाजूला खुर्ची टाकून बसले होते. नात जवळ येऊ लागली की तिला हात धरून माझ्या बाजूला घ्यायचे, हे काम मुख्य.

भारतीय दुकानातून ज्वारीचे पीठ आणले होते. भाकरी थापल्या. भरीत ताटात पडले. लेकीने घास घेतला आणि काही बोललीच नाही. दुसरा घेतला. मग तिसरा. मीही घेतला. कपाशीच्या काड्यांचा वास वेगळा, तिखट; हा जरा गोडसर. पण धूर होता. खरा.

"आई, आजीच्या हातचं असंच लागायचं का?" लेकीने विचारले. ती चार वर्षांची होती तेव्हा माय गेली. तिला आठवणे शक्य नव्हते.

"जवळपास," मी म्हणाले. मग १९९१ ची सारी गोष्ट तिला सांगितली. आजवर कुणालाच सांगितली नव्हती. ती उठली, माझ्या ताटात आणखी एक भाकरी वाढली आणि माझ्याजवळ येऊन बसली.

घेणाऱ्यांसाठी चार शब्द

चार महिन्यांच्या अनुभवावरून सांगते. परदेशात तुमचे कुणी अशी चूल घेणार असेल तर त्यांना कळवा.

हिचा मोठा गुण म्हणजे आच सांभाळावी लागत नाही. एकदा आकडा लावला की तासन् तास पाहायला नको. दोष असा की जाळ अन्नाला लागत नाही. पापड भाजावा तसा खरपूस डाग हवा असेल तर ही चूल कमी पडते. लाकडी कोळशाइतका गडद धूरही हिच्यात येत नाही. वीज गेली की सारेच बंद.

गोळ्या खाण्याच्या चुलीसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्याच घ्याव्यात. घर तापवायच्या गोळ्या स्वस्त मिळतात, पण त्यात कुठले लाकूड आहे याची खात्री नसते. पाण्यापासून फार जपावे. ऑक्टोबरात पहिला पाऊस आला त्या रात्री आम्ही आच्छादन घालायला विसरलो. सकाळी पेटीत गोळ्यांऐवजी फुगलेला ओला भुसा होता आणि दांडा गच्च अडकलेला. जावयांचा अख्खा रविवार तो खरवडण्यात गेला. राख दर तीन-चार वेळांनी काढावी, नाहीतर पेटायला त्रास देते. आणि विझवताना तार ओढून काढू नये. पंखा काही मिनिटे फिरून उरलेल्या गोळ्या जाळून टाकतो, तो फिरू द्यावा.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ही चूल उघड्यावरच वापरावी. गॅरेजमध्ये, बंद गॅलरीत कधीही नाही. धुराबरोबर कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला वास नाही, रंग नाही आणि तो माणूस घेतो.

परतल्यावर

ऑक्टोबरअखेर मी जळगावला परतले. डिसेंबरात भावाच्या शेतात नेहमीप्रमाणे भरिताचा बेत ठरला. वहिनीकडे गॅस आहे, पण अंघोळीचे पाणी आणि सणावाराचा स्वयंपाक अजून चुलीवर होतो. सिलिंडर जपून वापरायचा असतो. २०१६ मध्ये उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून गावात घरोघरी शेगड्या आल्या, तरी चुली विझलेल्या नाहीत. घरातल्या चुलीच्या धुराने जगात २०२० या एका वर्षात सुमारे ३२ लाख माणसे दगावली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्या आकड्यात माझी माय नाही, ती आधीच गेली. पण वहिनी खोकते, हे मला या वेळी पहिल्यांदा ऐकू आले.

शेतात काड्यांचा ढीग रचला. वहिनी सवयीने पदर खोचून जाळापुढे बसायला निघाली. मी तिचा हात धरला.

"तू इकडे ये. आधी वारा कुठून आहे ते बघू."

वारा उत्तरेचा होता. बाजेवर वाऱ्याच्या बाजूला आम्ही बायका बसलो आणि भाजायला भावाला व भाच्यांना बसवले. त्यांनी दोन वांगी करपवली, एक जाळात फुटले. भाऊ डोळे पुसत म्हणाला, "हे रोज कसं करायच्या या बायका?"

वहिनी काही बोलली नाही, नुसती हसली. भरीत झाले तेव्हा पहिले ताट मी तिला वाढले. आणि दुसऱ्या दिवशी तिला घेऊन छातीच्या डॉक्टरांकडे गेले.